जपानमधील ब्रॉडबँड करार आणि तो रद्द करण्याचा आठ दिवसांचा हक्क

जपानमध्ये घरी फायबर इंटरनेट घेण्याचा करार केल्यावर कोणतेही कारण न देता तो मोडण्याचा हक्क ग्राहकाला कायद्याने दिलेला आहे. या तरतुदीला जपानी भाषेत 'शोकी केइयाकु काइजो सेइदो', म्हणजे प्रारंभिक करार-समाप्तीची व्यवस्था, असे म्हणतात. दूरसंचार व्यवसाय कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने ती आली आणि २१ मे २०१६ पासून अमलात आली. कराराचा कागद हाती पडल्यापासून आठ दिवसांच्या आत लेखी सूचना पाठवली की करार संपतो. कंपनीची संमती लागत नाही.

टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई परिसरात, योकोहामात आणि अन्यत्र राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या तरतुदीची माहिती असणे विशेष गरजेचे आहे. नवे घर, नवी नोकरी, अपुरी भाषा आणि इंटरनेटची निकड अशा अवस्थेत विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर भरवसा ठेवून सही केली जाते. पुढे पहिले बिल येते तेव्हा सांगितलेले आणि लिहिलेले यांतील अंतर कळते. तोवर आठ दिवस बहुधा उलटून गेलेले असतात. म्हणून ही मुदत कधी सुरू होते, ती संपल्यावर कोणते मार्ग उरतात आणि कोणता खर्च टळत नाही, हे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल.

बाजाराची रचना आणि गोंधळाचे मूळ

जपानची सरकारी दूरध्वनी संस्था १९८५ साली खासगी झाली आणि एनटीटी ही कंपनी अस्तित्वात आली. १९९९ साली तिच्या पुनर्रचनेतून एनटीटी पूर्व आणि एनटीटी पश्चिम या दोन प्रादेशिक कंपन्या निघाल्या. देशातील फायबर वाहिन्यांचा मोठा भाग या दोन कंपन्यांकडे आहे. फेब्रुवारी २०१५ पासून त्यांनी आपल्या वाहिन्या इतर कंपन्यांना घाऊक दराने देण्यास आरंभ केला. ती कंपनी आपल्या नावाने, आपल्या दराने आणि आपल्या बिलावर हीच सेवा ग्राहकाला विकते. या पद्धतीला 'हिकारी कोराबो' म्हणतात. मोबाइल कंपन्या, वीज कंपन्या, इंटरनेट पुरवठादार आणि लहानमोठे विक्रेते असे शेकडो व्यावसायिक या मार्गाने बाजारात उतरले.

ग्राहकाच्या दृष्टीने भिंतीतली तार तीच राहते, बदलतो तो बिल पाठवणारा. दिशाभुलीला नेमकी येथेच जागा मिळते. 'आम्ही एनटीटीच्या सेवेबद्दल फोन करीत आहोत, तुमचा दर कमी होणार आहे, फक्त एक क्रमांक सांगा,' असे विक्रेता म्हणतो. तो क्रमांक म्हणजे 'तेन्यो शोदाकु बान्गो', अर्थात सेवा दुसऱ्या कंपनीकडे वर्ग करण्यास दिलेली संमती. एनटीटीकडून तो घेतल्यापासून पंधरा दिवस चालतो आणि तो परक्याच्या हाती देणे म्हणजे व्यवहारात कंपनी बदलण्यास होकार देणे होय. दर कमी होतो असे समजून क्रमांक देणाऱ्याला आपली कंपनीच बदलली हे दोन बिले आल्यावर कळते: एक नव्या कंपनीचे आणि दुसरे जुन्या इंटरनेट पुरवठादाराचे, कारण जुना करार आपोआप संपलेला नसतो.

१ जुलै २०१९ पर्यंत अशी चूक निस्तरणे फार कठीण होते. एकदा कोराबो सेवेत गेलेल्या ग्राहकाला परत फिरायचे असल्यास जुनी वाहिनी तोडून नवी घ्यावी लागे आणि अनेकदा घरचा दूरध्वनी क्रमांकही गमवावा लागे. त्या दिवसापासून 'जिग्योशा हेन्को', म्हणजे वाहिनी तशीच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली.

नेहमीची आश्वासने आणि त्यांमागचा अर्थ

पहिले आश्वासन 'जोडणी मोफत' हे असते. जपानी जाहिरातींत त्यासाठी 'जिशित्सु मुर्यो' असा शब्द येतो. त्याचा अर्थ 'प्रत्यक्षात मोफत' असा असला तरी व्यवहार निराळा आहे. जोडणीच्या कामाचा खर्च, म्हणजे 'कोजिही', मासिक हप्त्यांत आकारला जातो आणि तेवढीच सूट दर महिन्याला दिली जाते. ग्राहक हप्ते संपेपर्यंत राहिला तर त्याच्या खिशातून काही जात नाही. आधी निघाला तर सूट थांबते आणि उरलेले हप्ते एकरकमी द्यावे लागतात. उदाहरणादाखल, २२,००० येनचा खर्च २४ हप्त्यांत विभागला असेल आणि ग्राहक सहा महिन्यांनी निघाला, तर १६,५०० येन भरावे लागतील. दोन-तीन वर्षांच्या कामासाठी जपानला आलेल्या कुटुंबाने हा हिशेब सहीपूर्वीच करावा.

दुसरे आश्वासन रोख परताव्याचे. हा परतावा बहुधा अनेक महिन्यांनंतर मिळतो, तोही ठरावीक मुदतीत अर्ज केल्यास. अर्जाची सूचना कंपनीने दिलेल्या ईमेल पत्त्यावर येते आणि तो पत्ता ग्राहक कधी उघडतही नाही. कित्येकदा परतावा मूळ कंपनीचा नसून विक्री करणाऱ्या दलाल संस्थेचा असतो, किंवा त्यासाठी काही जादा सेवा घेणे बंधनकारक असते.

तिसरे आश्वासन वेगाचे. 'कमाल १ गिगाबिट' हा आकडा तांत्रिक मर्यादा सांगतो, हमी देत नाही. त्याला 'बेस्ट एफर्ट' सेवा म्हणतात. जुन्या इमारतींत फायबर तळमजल्यापर्यंत येते आणि पुढे घरापर्यंत दूरध्वनीची तांब्याची तार असते. तेथे वेगाची मर्यादा पुष्कळ खाली, सुमारे १०० मेगाबिट, असते. इमारतीतील जोडणी कोणत्या प्रकारची आहे हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्यापेक्षा इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारणे हिताचे.

चौथा प्रकार आश्वासनाचा नसून भीतीचा आहे. 'इमारतीतील उपकरणे बदलत आहेत, सर्वांना नवा करार करावा लागेल,' असे सांगत विक्रेता दारात येतो. जानेवारी २०२४ पासून एनटीटीने स्थिर दूरध्वनीचे जाळे इंटरनेट तंत्रज्ञानावर नेण्यास आरंभ केला, तेव्हा 'तुमचा फोन बंद पडणार' अशा फोनचे निमित्तही विक्रेत्यांना मिळाले. वस्तुतः या बदलासाठी ग्राहकाला घरात कोणतेही काम करून घ्यावे लागत नाही आणि नवा करारही करावा लागत नाही.

आठ दिवस कसे मोजावेत

या हक्काचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे मोजणी. घरच्या फायबर सेवेसाठी मुदत कराराचा कागद मिळाल्याच्या दिवसापासून सुरू होते आणि तो दिवस पहिला धरला जातो. कागद ३ तारखेला मिळाला असेल तर शेवटचा दिवस १० तारीख. मोबाइल सेवेसाठी नियम थोडा सैल आहे: कागद मिळाल्याचा दिवस आणि सेवा सुरू झाल्याचा दिवस यांपैकी जो नंतरचा, तेथून मोजणी होते.

या फरकामुळे फायबर घेणारा ग्राहक अनेकदा फसतो. कराराचा कागद काही दिवसांत येतो, पण जोडणीचे काम तीन-चार आठवड्यांनी होते आणि मार्च-एप्रिलच्या घर बदलण्याच्या हंगामात आणखी लांबते. वेग कमी आहे किंवा दर वेगळा आहे हे कळेपर्यंत मुदत कधीच संपलेली असते. म्हणून सेवा वापरून पाहण्याची वाट न बघता टपालाने आलेला लिफाफा त्याच दिवशी उघडून वाचला पाहिजे. ग्राहकाने संमती दिली असल्यास हा कागद ईमेलने किंवा संकेतस्थळावरील खात्यातही येऊ शकतो. 'टपाल आले नाही' एवढ्यावरून मुदत सुरू झाली नाही असे समजू नये.

मात्र दोन परिस्थितींत मुदत ग्राहकाच्या बाजूने लांबते. कराराचा विधियुक्त कागदच दिला गेला नसेल, तर आठ दिवसांची मोजणी सुरू होत नाही. तसेच करार रद्द करण्याच्या हक्काबद्दल कंपनीने खोटी माहिती दिली, उदाहरणार्थ 'ही सेवा रद्द होत नाही' असे सांगितले आणि त्यावर विसंबून ग्राहक थांबला, तर चूक दुरुस्त करणारा नवा कागद मिळाल्यापासून पुन्हा आठ दिवस मोजले जातात.

सूचना कशी पाठवावी

सूचना लेखी असावी आणि ती दूरसंचार सेवा देणाऱ्या कंपनीला पाठवावी, दारात आलेल्या विक्रेत्याला किंवा दलाल संस्थेला नव्हे. कंपनीचा पत्ता कराराच्या कागदावर असतो. फोनवर 'रद्द केले' असे ऐकणे पुरेसे नाही. काही कंपन्या संकेतस्थळावरूनही अर्ज घेतात. तरीही कागदी पुरावा असलेला बरा.

साधे पोस्टकार्ड, म्हणजे 'हागाकी', चालते. त्यावर कागद मिळाल्याची तारीख, सेवेचे नाव, ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता, दूरध्वनी आणि करार रद्द करीत असल्याचे एक वाक्य असावे. जपानी लिपीत लिहावयाच्या त्या वाक्याचा उच्चार असा: 'त्सुगी नो केइयाकु ओ काइजो शिमासु', म्हणजे 'पुढील करार मी रद्द करीत आहे'. कारण लिहिण्याची आवश्यकता नाही. पाठवण्यापूर्वी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र किंवा झेरॉक्स प्रत ठेवावी.

कार्ड टपालपेटीत न टाकता पोस्टाच्या खिडकीवरून 'तोकुतेइ किरोकु' किंवा 'कान्ई काकितोमे' या नोंदणीकृत पद्धतीने पाठवावे. त्याची पावती मिळते आणि तारखेबद्दल वाद राहत नाही. रक्कम मोठी असेल किंवा कंपनी दाद देत नसेल तर 'नाइयो शोमेइ' ही पद्धत आहे. तीत पत्राचा मजकूर आणि पाठवल्याची तारीख यांचा दाखला टपाल खाते देते. सूचना पाठवल्याच्या क्षणी प्रभावी होते असे कायदा सांगतो. म्हणजे आठव्या दिवशी पाठवलेले पत्र कंपनीला दहाव्या दिवशी मिळाले तरी करार मुदतीत रद्द झाला असे धरले जाते.

काय द्यावे लागते, काय परत मिळत नाही

या मार्गाने करार संपवल्यास दंड किंवा नुकसानभरपाई मागता येत नाही. तथापि तीन बाबींचे पैसे द्यावे लागू शकतात: तोवर वापरलेल्या सेवेचे शुल्क, प्रत्यक्ष झालेल्या जोडणीच्या कामाचा खर्च आणि कराराचे प्रशासकीय शुल्क. जोडणी आणि प्रशासकीय शुल्क यांना सरकारने कमाल मर्यादा घालून दिली आहे आणि आकारावयाची रक्कम कराराच्या कागदात नमूद असावी लागते. अर्थात जोडणीपूर्वीच सूचना गेली तर सर्वांत मोठा खर्च उद्भवतच नाही.

दोन गोष्टी मात्र या हक्काच्या कक्षेबाहेर राहतात. सेवेबरोबर विकत घेतलेली वस्तू, उदाहरणार्थ राउटर किंवा टॅब्लेट, तिची विक्री यामुळे आपोआप रद्द होत नाही. आणि नवा करार संपला म्हणून जुना करार आपोआप जिवंत होत नाही. जुनी सेवा बंद करण्याचा अर्ज गेला असेल तर तो थांबवण्यासाठी, किंवा सेवा व घरचा दूरध्वनी क्रमांक परत मिळवण्यासाठी, जुन्या कंपनीशी वेगळे बोलावे लागते. ते नव्या कंपनीला सूचना पाठवण्याच्या दिवशीच करणे इष्ट. कंपनीच्या नावाने व्यवसायासाठी केलेल्या करारालाही हा हक्क लागू नाही. उपाहारगृह किंवा दुकान चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घरोघरी आणि फोनवरील विक्रीसाठी जपानमध्ये 'कूलिंग ऑफ' नावाची जुनी व्यवस्था आहे. १९७६ च्या घरोघर विक्री कायद्यातही ती होती. ती आणि ही व्यवस्था एकच, असा समज अनेकांचा असतो. कूलिंग ऑफमध्ये ग्राहकाला बहुतेक सर्व पैसे परत मिळतात. दूरसंचार सेवा त्या कायद्यातून वगळल्या असून त्यांच्यासाठी हा स्वतंत्र आणि ग्राहकाला तुलनेने कमी देणारा नियम आहे.

मुदत संपल्यावर

आठ दिवस गेले म्हणजे सर्व दारे बंद झाली असे नाही. जोडणीचे काम अजून झाले नसेल तर प्रथम अर्ज मागे घेता येतो का ते पाहावे. बऱ्याच कंपन्या कामाच्या आधी तसे करू देतात; अटी कंपनीनुसार बदलतात.

विक्रेत्याने महत्त्वाच्या बाबीत खोटे सांगितले असेल, किंवा ग्राहकाच्या तोट्याची बाब जाणूनबुजून लपवली असेल, तर २००१ पासून अमलात असलेला ग्राहक करार कायदा करार रद्द ठरवण्याचा अधिकार देतो. तो अधिकार खोटेपणा लक्षात आल्यापासून एक वर्षापर्यंत आणि करार झाल्यापासून पाच वर्षांपर्यंत वापरता येतो. येथे मात्र पुराव्याचा भार ग्राहकावर पडतो. 'त्याने असे सांगितले होते' एवढे पुरत नाही; कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगितले हे दाखवता आले पाहिजे. म्हणून फोन आल्याची वेळ, बोलणाऱ्याचे नाव, संस्थेचे नाव आणि सांगितलेला दर यांची त्याच दिवशी केलेली टिपणे मोलाची ठरतात.

तिसरा मार्ग सरळ करार सोडण्याचा. १ जुलै २०२२ पासून झालेल्या करारांत मध्येच सोडल्याचा दंड एका महिन्याच्या सेवाशुल्कापेक्षा अधिक असू शकत नाही. त्यापूर्वीच्या दोन-तीन वर्षांच्या बांधील करारांत तो दहा हजार येनच्याही वर जात असे. उरलेले जोडणी हप्ते आणि वाहिनी काढून टाकण्याचा खर्च यात धरलेला नाही. ते वेगळे मागितले जाऊ शकतात. भाड्याने घेतलेला मोडेम परत न केल्यास त्याचीही किंमत लागते.

बँकेतून होणारी वजावट बंद करून गप्प बसणे हा मार्ग मात्र टाळावा. करार तसाच चालू राहतो, थकबाकी वाढत जाते आणि वसुलीची पत्रे सुरू होतात.

विक्रेत्यांवरील बंधने

१ ऑक्टोबर २०१९ पासून दूरसंचार सेवा विकणाऱ्या दलाल संस्थांना सरकारकडे नोंद करणे बंधनकारक झाले. विक्रीचे बोलणे सुरू करण्यापूर्वी आपले नाव आणि हेतू सांगणे हेही त्याच दुरुस्तीने आवश्यक केले. ग्राहकाने नको म्हटल्यावर पुन्हा आग्रह धरणे आणि महत्त्वाच्या बाबीत खोटे सांगणे कायद्याने निषिद्ध आहे. जुलै २०२२ पासून फोनवर विक्री करताना अटींचा कागद आधी ग्राहकाच्या हाती देऊन मग समजावणे हा नियम झाला. ग्राहकानेच तशी मागणी केली तरच नुसते तोंडी समजावणे चालते. फोनवर 'हाय, हाय' म्हणत गेलेल्या नवख्या माणसाला हा नियम मोठे संरक्षण देतो. 'कागद पाठवा, वाचून सांगतो' असे म्हणणे हा त्याचा हक्क आहे.

दाद कोठे मागावी

पहिला क्रमांक १८८. जुलै २०१५ पासून सुरू असलेली ही तीन अंकी ग्राहक वाहिनी फोन करणाऱ्याला त्याच्या भागातील ग्राहक केंद्राशी, 'शोहिशा सेइकात्सु सेंटर'शी, जोडते. जपानीत या अंकांचा उच्चार 'इयाया' असा करतात. त्याचा अर्थ 'नको बुवा' असा होतो. सल्ल्याला पैसे पडत नाहीत, फोनचा खर्च तेवढा येतो. केंद्रातील सल्लागार केवळ माहिती देऊन थांबत नाहीत, तर गरज पडल्यास कंपनीशी बोलून मध्यस्थीही करतात. या सर्व केंद्रांच्या पाठीशी १९७० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय ग्राहक केंद्र आहे. दूरसंचार कायदा राबवणारे अंतर्गत व्यवहार आणि दळणवळण मंत्रालय, म्हणजे 'सोमुशो', याचेही या विषयासाठी स्वतंत्र सल्ला केंद्र आहे.

बोलणे मुख्यतः जपानीत चालते. ती अडचण असल्यास जपानी जाणणाऱ्या स्नेह्याला किंवा सहकाऱ्याला सोबत घ्यावे, किंवा महापालिकेच्या परदेशी रहिवाशांच्या खिडकीवर दुभाषी मिळतो का ते विचारावे. २००६ साली सुरू झालेल्या 'होतेरासु' या कायदेविषयक साहाय्य संस्थेकडे इंग्रजीसह अनेक भाषांत माहिती मिळते. टोकियोतील योत्सुया येथे २०२० पासून परदेशी रहिवाशांसाठी एकत्रित साहाय्य केंद्र आहे. मात्र ही चौकशी आठ दिवसांच्या आतच करायची असल्याने, सल्ल्याची वाट पाहण्यात मुदत दवडण्यापेक्षा आधी पोस्टकार्ड पाठवून नंतर सल्ला घेणे शहाणपणाचे.

इतर देशांशी तुलना

युरोपीय संघात दूरस्थ किंवा दारातल्या करारातून चौदा दिवसांत मागे फिरता येते. ब्रिटनमध्येही २०१३ च्या नियमांनुसार मुदत तेवढीच आहे. अमेरिकेत दारावरील विक्रीसाठी तीन दिवसांचा केंद्रीय नियम आहे. भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध दाद मागू देतो आणि १९१५ ही राष्ट्रीय वाहिनी तक्रार घेते. तेथे ग्राहकाची सवय आधी तक्रार करण्याची असते. जपानमध्ये आठ दिवसांच्या आत ग्राहकाला दोष सिद्ध करावा लागत नाही आणि कुणाशी भांडावेही लागत नाही. फक्त तारीख पाळावी लागते. भारतातून आलेल्या ग्राहकाने ही सवय बदलली नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवेशी वाद घालण्यातच त्याचे आठ दिवस निघून जातात.

जवळ ठेवावयाच्या गोष्टी

कराराचा कागद आणि तो ज्या लिफाफ्यातून आला तो लिफाफा, मिळाल्याच्या तारखेसह. विक्रेत्याचे कार्ड आणि त्याने दिलेले पत्रक. फोनवरील बोलण्याची टिपणे. रोख परताव्याच्या अटींचे स्क्रीनशॉट, कारण संकेतस्थळावरील अटी बदलतात. रद्दपत्राची प्रत आणि पोस्टाची पावती. उपकरणे परत पाठवल्याची पावती. हे सर्व शेवटचे बिल चुकते होईपर्यंत आणि त्यानंतरही निदान वर्षभर जपून ठेवावे.